टीव्हीकडे पाठ करून

आपा टीव्हीकडे पाठ करून बसायच्या, आणि समोर बसलेल्या आम्हा चौघींपेक्षा त्यांनाच जास्त दिसायचं. त्यांचं शिलाई मशीन उजेडासाठी दाराशी होतं आणि टीव्ही मागच्या भिंतीवर, फळीवर. रविवारी सकाळी अर्धा तास आम्ही सतरंजीवर बसून 'ध्रुवयान' पाहायचो. मशीनची खडखड चालू असायची, पाय खालीवर होत असायचे, आणि एकदा मध्येच आपा मान न वळवता म्हणाल्या, "ही लीना खोटं बोलून राहिली." आम्ही हसलो. लीना म्हणजे यानाची पायलट, गोड चेहऱ्याची, आमची सगळ्यांची लाडकी. दोन रविवार गेले आणि लीना शत्रूला सामील असल्याचं निघालं. "तुमी तोंड बघता," आपा म्हणायच्या, "मी आवाज ऐकते. तोंड रंगवलेलं असतं गं, आवाज न्हाई रंगवता येत."

भूकंपाला तेव्हा चार वर्षं झाली होती. मी हिमायतनगरहून अकरावी-बारावीसाठी लातूरला आले होते. त्या वर्षांत अख्ख्या मराठवाड्यातून मुलं लातूरला येत होती. भिंती तडकलेल्या घरांवर नव्या खोल्या चढत होत्या, आणि प्रत्येक खोलीत कुणीतरी डॉक्टर व्हायला आलेलं असायचं. आपांच्या घरातल्या मागच्या दोन खोल्यांमध्ये आम्ही चौघी राहायचो. सगळ्यांच्या घरच्यांनी आपांना बजावलं होतं, की टीव्ही दाखवायचा नाही. आपांनी सगळ्यांना हो म्हटलं, आणि पहिल्याच रविवारी टीव्हीवरचं विणलेलं कापड काढून ठेवलं. आमच्या घरच्यांना त्यांनी हे पत्रानं कळवलंही. "अर्धा तास दाखवते. नको असंल तर पोरगी घेऊन जा." कुणीही नेली नाही.

'ध्रुवयान' ही कुठल्यातरी परदेशी चित्रमालिकेची हिंदी आवृत्ती होती. पाचजण एका यानातून राहण्याजोगा ग्रह शोधत भटकतात, आणि काळा सम्राट त्यांच्या मागे लागलेला असतो, एवढीच तिची कथा. यान सुरेख रंगवलेलं होतं. ग्रहांना तीन-तीन चंद्र असायचे. आम्हाला तेवढं पुरत होतं. आपांना पुरत नव्हतं. त्यांचा एकच प्रश्न असायचा, तोही घरच्या दखनीतला, "इसकू क्या होना?" म्हणजे ह्याला हवंय तरी काय. सम्राट आपली अख्खी फौज मागे ठेवून एकटाच तलवार घेऊन यानात शिरला, तेव्हा त्यांनी दातांनी दोरा तोडला आणि म्हणाल्या, "ज्याच्याकडं एवढी मानसं हायत, तो स्वतः कशाला यील?"

"आपा, तो व्हिलन हाय," मुरुडची सुनंदा म्हणाली. ती आमच्यात सगळ्यात वाचाळ होती.

"म्हंजे त्येला अक्कल नसती का?"

"कार्टून हाय ते."

"कार्टून काढनाऱ्याला तरी अक्कल पायजे का न्हाई? त्येला यान नको हाय. यानातलं कायतरी पायजे. आन् ते फौजेला कळू द्यायचं न्हाई. म्हनून एकटा आला."

पुढं कळलं, की यानात सम्राटाचा धाकटा भाऊ कैदेत होता. सुनंदा म्हणाली, "आपा, तुमी आधी बघितलंय हे." आपांना ते इतकं लागलं, की दोन दिवस त्या तिच्याशी बोलल्या नाहीत.

ही विद्या त्यांना गिऱ्हाइकांनी शिकवली होती. बाया ब्लाउज घेऊन यायच्या आणि कधीही खरं कारण सांगायच्या नाहीत. "सैल कर म्हनती, धुवून आटलं म्हनती. कापड आटलेलं नसतं, पोट असतं. अजून घरात सांगितलेलं नसतं." मग त्या शिवण उसवताना आपणहून दोन बोटं जास्त सोडायच्या, आणि बाई काही बोलली नाही तरी पुढच्या तीन महिन्यांची सोय करून द्यायच्या. एक सून दर महिन्याला नवा परकर टाकायला यायची. "तिला परकर नको हाय. अर्धा घंटा बसायला जागा पायजे." त्या सुनेचा परकर कधीच वेळेवर तयार नसायचा. तिला परत परत यावं लागावं, म्हणून.

एका रविवारी मालिकेत खाणींचा एक चंद्र दाखवला. त्याच्या पोटात हजारो लोक काम करत होते. कमांडर म्हणजे यानाचा प्रमुख, आमचा नायक. त्याला कळतं, की तीन दिवसांत चंद्र दुभंगणार. यंत्रमानव विचारतो, खाली सांगायचं का? कमांडर खिडकीबाहेर पाहत म्हणतो, "नहीं. लोग घबरा जाएँगे." तिसऱ्या दिवशी चंद्र दुभंगतो. कमांडर धुरात उडी घेतो आणि एका लहान मुलीला छातीशी धरून बाहेर आणतो. मागे व्हायोलिन. मुलगी त्याचे डोळे पुसते. आमच्यातल्या दोघी रडत होत्या. त्यातली एक मी.

मशीन थांबलं होतं. आपा स्टुलावर वळून बसल्या होत्या. त्यांना टीव्हीकडे तोंड करून बसलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

"किती दिस व्हते त्याच्याकडं?"

"तीन," मी म्हणाले.

"खाली जहाजं व्हती?"

"होती. माल न्यायची. मागच्या रविवारी दाखवली होती."

"मग घाबरले असते तर काय झालं असतं?"

त्यांनी हातातलं कापड मशीनवर ठेवलं.

"पळाले असते. अजून काय? घाबरलेलं मानूस पळतं. पळतं म्हनून जगतं."

"आपा, तो हीरो हाय," सुनंदा हळू आवाजात म्हणाली. "त्यानं पोरीला वाचवलं की."

"तेच तर पायजे व्हतं त्येला. सगळे पळाले असते, तर उचलायला कोन राहिलं असतं?" त्या उठल्या आणि टीव्ही बंद केला. "मोठा आला. तीन दिस गप बसला आन् शेवटाला पोर उचलून फोटो काढला."

मी चाचरत म्हणाले, की आपा, गोष्ट आहे ती. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मला आजही मान खाली घालावीशी वाटते. "गोष्ट हाय म्हनूनच बोलून राहिले, मास्तराची. खऱ्यात कारन सापडत न्हाई. शोधून शोधून मरतं मानूस, न्हाई सापडत. गोष्टीत बी न्हाई सापडलं, तर मग कशाला सांगता गोष्ट?"

माझे अण्णा शिक्षक होते, म्हणून मी 'मास्तराची'.

त्या दुपारी टेस्टला जाताना आपांचा मुलगा युनूस आम्हाला चौकापर्यंत सोडायला आला. त्यानं सांगितलं. आपांची थोरली बहीण औसा तालुक्यातल्या एका गावात दिली होती. भूकंपाच्या वर्षभर आधीपासून तिथं जमीन घुमायची, फळीवरची भांडी वाजायची. सगळं गाव पोराबाळांसह उघड्यावर झोपत होतं. मग कुणी एक साहेब जीपमधून आला आणि पारावर उभं राहून सांगून गेला, की घाबरायचं कारण नाही, घरात जा. तो कुठल्या खात्याचा, कुणी पाठवलेला, गावात कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. बहिणीनं लातूरला येऊन आपांना हे हसत सांगितलं होतं. आपाही हसल्या होत्या. पुढं भूकंपात दगडामातीच्या त्या घरातून कुणीही बाहेर आलं नाही. मदतीच्या गाड्या आल्या, तेव्हा आपा तिथं गेल्या होत्या. एका जीपमधून एकजण ब्लँकेटं वाटत होता आणि दुसरा त्याचे फोटो काढत होता. पारावर बोलला तो साहेब हाच की दुसरा, आपांना कधी कळलं नाही. "अम्मी सगळ्यांना विचारत फिरली," युनूस म्हणाला, "त्या साहेबाला ठाऊक व्हतं का न्हवतं. तेवढंच पायजे तिला. न्हवतं ठाऊक म्हणलं कुनी, तरी चालंल तिला. पन कुनी सांगतच न्हाई."

मला हे समजलं असं मला वाटलं. समजलं नव्हतं. त्याच दिवाळीनंतर क्लासनं मला पहिल्या बॅचमधून तिसऱ्या बॅचमध्ये टाकलं. भौतिकशास्त्र माझ्या डोक्यात शिरत नव्हतं. मी पुस्तकाखाली दुसरं पुस्तक ठेवून वाचत होते. अण्णा महिन्यातून एकदा यायचे. क्लासचे सर त्यांच्याशी गोड बोलायचे. "मुलगी हुशार आहे, फक्त थोडी घाबरते." बॅच बदलल्याचं त्यांनी सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही.

"का न्हाई सांगत बापाला?" आपांनी विचारलं.

"अण्णांना धक्का बसेल."

पुढच्या खेपेला अण्णा आले, तेव्हा आपांनी चहाचा कप त्यांच्या हातात दिला आणि उभ्या उभ्याच सांगितलं, "मास्तर, ही डॉक्टर न्हाई व्हनार. तिसऱ्या बॅचला बसवली तिला, तुमाला कुनी सांगितलं न्हाई. हिला पुस्तकं आवडतात. दुसरी, गोष्टीची."

अण्णांचा चेहरा उतरला, मग लाल झाला. "तुम्ही कोण आमच्या घरच्या गोष्टीत बोलणाऱ्या?"

"कोन न्हाई, घरमालकीन. पन उद्या बारावीचा निकाल लागंल, आन् तुमी मला येऊन विचाराल, आपा, तुमाला ठाऊक व्हतं, तर बोलल्या का न्हाईत. ते मला ऐकायचं न्हाई."

मी त्या दिवशी आपांचा इतका राग केला, की आत जाऊन ट्रंक भरायला घेतली. ज्या बाईला मी आईसारखी समजत होते, तिनं मला उघडं पाडलं होतं. अण्णा मला घेऊन निघाले आणि हिमायतनगरपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. त्या उन्हाळ्यात मी बारावी काठावर पास झाले आणि नांदेडला कला शाखेत गेले. अण्णांनी स्वतः आणून सोडलं. बस स्टँडवर ते एवढंच म्हणाले, "त्या बाईंना एक पत्र टाक." ते पत्र टाकायला मला दीड वर्ष लागलं. आपांचं उत्तर युनूसच्या अक्षरात आलं. त्यात माफीचं काहीच नव्हतं. फक्त लिहिलं होतं, की 'ध्रुवयान' संपलं, शेवट टुकार होता, सम्राट उगाच सुधारला, येऊन जा.

मग मी जात राहिले, वीस वर्षं. नांदेडला ग्रंथालयात नोकरी लागल्यावर मी प्रत्येक खेपेला एक कादंबरी न्यायचे आणि मशीनशेजारी बसून वाचून दाखवायचे. आपा चौथीपर्यंत उर्दू शिकलेल्या. त्या मध्येच पाय थांबवून म्हणायच्या, "थांब. ही घर सोडून का गेली?" मी म्हणायचे, पुढं कळेल. "लेखकाला ठाऊक हाय का पन?" असं विचारणारा वाचक मला ग्रंथालयात आजवर भेटलेला नाही. मी आज जी काही पुस्तकं ओळखते, ती त्या एका प्रश्नानं ओळखते.

आणि हे सगळं ठाऊक असून मी जे केलं, ते आता लिहिते.

शाबानचा महिना होता, रमजानला तीन आठवडे होते. युनूसचा फोन आला. आपांच्या पोटात गाठ होती. डॉक्टरांनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की फार तर दोन महिने. "ताई, अम्मीला सांगायचं न्हाई. घाबरून जाईल. आमी अल्सर म्हणून सांगितलंय. तिला आमचा भरवसा वाटत न्हाई, सारखी विचारती. तुमी एकदा येऊन सांगा. तुमचं ऐकती ती."

मी गेले. आपा वाळल्या होत्या, पण मशीनवर बसल्या होत्या, दाराकडे तोंड करून. शेजारी कापडांचा ढीग होता. ईदचे कपडे. गल्लीतल्या, पलीकडच्या मोहल्ल्यातल्या बाया येत होत्या, कापड टाकत होत्या. एका घरातल्या बहिणींना एकाच ताग्यातले कपडे घ्यायची तिथं रीत आहे, म्हणून ढिगात एकाच फुलाची कितीतरी कापडं होती. मी मागे सतरंजीवर बसले. त्यांनी मान न वळवता विचारलं,

"डॉक्टरशी बोललीस?"

"बोलले."

"काय हाय?"

मला वाटलं होतं, की त्या ओळखतील. खरं सांगायचं तर त्या भरवशावरच मी गेले होते. मी खोटं बोलेन, त्या आवाजावरून पकडतील, आणि सांगण्याचं ओझं माझ्यावर राहणार नाही. मी म्हणाले, "अल्सर आहे, आपा. पथ्य पाळलं तर दोन महिन्यांत बरं वाटेल."

त्यांचा पाय क्षणभर थांबला. मग त्या वळल्या आणि हसल्या. "बरं झालं. हा युनूस रडवं तोंड करून फिरून राहिला, म्हनून मला शंका. तू म्हनतीस म्हंजे खरं."

त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. शेकडो बायांचं, लीनाचं, सम्राटाचं खोटं ज्यांनी पाठमोरं बसून पकडलं, त्यांनी माझं खोटं पकडलं नाही, कारण माझ्या बाबतीत त्या कान लावून बसल्याच नव्हत्या. मी तीन तासांची गाडी धरून नांदेडला परतले. वाटेत कुठूनही उतरून परत येता आलं असतं. मी उतरले नाही. मला काय हवं होतं, हे मी स्वतःला विचारलं आहे. आपा घाबरू नयेत, हे हवं होतं, असं म्हणायला बरं वाटतं. ते खोटं आहे. मला त्या दाराशी बसून त्यांचं रडणं पाहायचं नव्हतं. मला चांगली बातमी आणणारी व्हायचं होतं. ब्लँकेट वाटणारी.

माझ्या शब्दावर आपांनी त्या दुपारनंतर आणखी कापडं घेतली. पुढं युनूसच्या बायकोनं सांगितलं. "आता बरी व्हते म्हनल्या. न्हाई म्हनायची गरज न्हाई."

त्यांची कामाची पद्धत अशी, की रमजान लागायच्या आत सगळ्यांचं कापड कापून ठेवायचं आणि रोज्यांमध्ये शिवायचं. उपाशीपोटी कैची धरली की हात थरथरतो, सुईला तेवढी ताकद लागत नाही, असं त्या म्हणायच्या. माप त्या कधी लिहून ठेवत नसत. बाई दारात उभी राहिली, की एकदा वरपासून खालपर्यंत पाहायच्या. त्या वर्षीही त्यांनी चंद्र दिसायच्या आदल्या संध्याकाळपर्यंत सगळं कापलं. बाह्या एकीकडे, गळे एकीकडे, पाठीचे भाग एकीकडे. नवव्या रोज्याला आपा गेल्या. तोवर दोनच जोड शिवून झाले होते.

मी तीन दिवस तिथं होते. चौथ्या दिवशी युनूस आणि मी ते ढीग घेऊन बाजारातल्या एका टेलर-मास्टरकडे गेलो. भला माणूस होता. त्यानं एक बाही उचलून पाहिली आणि परत ठेवली. "दुसऱ्याच्या कैचीवर मी सुई चालवत न्हाई. फिटिंगला बिघडलं, की माझ्या नावानं बोंब. आन् ही एवढी एकाच फुलाची, कुनाची कुठली?" दुसऱ्यानं तेच सांगितलं. तिसऱ्यानं दुकानात घेतलंच नाही. ईद जवळ आली होती, आणि नवं कापड घेतलं तरी शिवून द्यायला कुणाला वेळ नव्हता.

मला राग येतो तो तिथं. आपांना ठाऊक असतं, तर त्या आधी रडल्या असत्या, युनूसला शिव्या दिल्या असत्या, दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडल्या असत्या. मग उठून अर्धी कापडं न कापता परत पाठवली असती. जेवढी झेपतील तेवढीच कापली असती, आणि तेवढी पुरी केली असती. आणखीही काय काय पुरं केलं असतं, ते मला ठाऊक नाही. ते ठरवायचा हक्क आम्ही काढून घेतला. आणि त्याला आम्ही माया म्हटलं.

बाया कापडं न्यायला येऊ लागल्या. युनूसला त्यांच्यासमोर उभं राहवेना, म्हणून दाराशी मी बसले. शिकवण्या घेणारी एक शेजारीण आली. तिच्या तिन्ही मुलींचं कापड होतं. मोतिया रंगाचं, बारीक हिरव्या वेलीचं. तिनं विचारलं, आपांना कळलं होतं का हो? मी म्हणाले, "नाही. आम्ही सांगितलं नाही. मीच त्यांना खोटं सांगितलं."

तिनं माझा हात धरला. तिचे डोळे भरले होते. "बरं केलंत ताई," ती म्हणाली. "उगं घाबरली असती बिचारी."

मी गाठोडं तिच्यापुढं ठेवलं. तिनं ते सोडलं. एक बाही निघाली, मग दुसरी, मग तीन पाठी, मग अर्धा गळा. ती ते तुकडे एकमेकांना लावून पाहू लागली. ही धाकटीची असेल, म्हणाली. मग म्हणाली, नाही, मधलीची. बराच वेळ ती तशीच जोडत बसली. मग तिनं हात मागे घेतले आणि 'बरं केलंत' असं पुन्हा म्हणाली नाही.